विधी सुरू असताना फोटोग्राफरने कुठे उभं राहावं, कधी हलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जोडप्याचं लग्न तुम्ही पहिल्यांदाच एकट्याने शूट करणार आहात. याआधी एका फोटोग्राफरबरोबर मदतनीस म्हणून गेला होतात. ते विधी संपेपर्यंत दोघांच्या पुढ्यातच होते. फोटो चांगले आले, पण पुढच्या रांगेतल्या घरच्यांना सगळा वेळ त्यांची पाठच दिसत राहिली आणि नंतर त्यावरून नाराजी झाली. आता तुम्हाला दोन्हीकडून धास्ती वाटते. पुढे राहिलो तर लोकांच्या आड येऊ, मागे राहिलो तर क्षण हातचा जाईल. मग मधोमध उभं राहायचं की कडेला, आणि फिरायचं तरी किती?

मी बरीच वर्षं लग्नं शूट करते आहे आणि या कामात नव्याने आलेल्यांना शिकवतेही. माझा अनुभव असा की जागा निवडणं तुलनेने सोपं असतं. एका जागेवरून दुसरीकडे जायचं कधी, हे अवघड असतं. कोणताही विधी एकाच जागेवरून पूर्ण दिसत नाही, त्यामुळे हलावं लागणारच. पण हलण्यात जी दहावीस सेकंदं जातात तेवढा वेळ तुमचा कॅमेरा काहीच पाहत नसतो. शिवाय जिथे तुम्ही पोचता तिथून पाहणारं कुणीतरी आधीपासून बसलेलं असतं. म्हणून हलण्याआधी मी तीन गोष्टी बघते: पुढे काय होणार आहे, त्या वेळी चेहरे कुणीकडे वळलेले असतील, आणि मी तिथे गेले तर कुणाच्या डोळ्यांपुढे येईन. या तिन्हींची उत्तरं विधी सुरू होण्याआधी तयार असली की प्रत्यक्षात फार कमी चालावं लागतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण त्यावर बरंच काही ठरतं. चर्चमध्ये बहुधा मधली वाट असते आणि टोकाला वेदी असते. वेदीच्या किती जवळ जायचं हे तिथले धर्मगुरू ठरवतात, आणि काही ठिकाणी विधी चालू असताना जागा सोडायलाच परवानगी नसते. गुरुद्वारात डोकं झाकलेलं हवं, पायांत काही नको, आणि गुरू ग्रंथ साहिबकडे पाठ करून उभं राहणं अनादराचं मानतात. दोघं तर त्याच दिशेला तोंड करून बसलेले असतात. म्हणजे त्यांचे चेहरे कडेच्या कोनातूनच घ्यायचे. ज्यू लग्नात सगळं हुप्पाच्या, म्हणजे चार खांबांवरच्या छताच्या, आत घडतं. तिथे खांब आणि आत उभी असलेली माणसं मिळून चेहरे झाकतात. निकाहात वधू आणि वर कधी कधी वेगवेगळ्या दालनांत असतात, आणि मग एकट्या फोटोग्राफरने कोणत्या वेळी कुठे असायचं हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवावं लागतं. नोंदणी पद्धतीच्या लग्नात मुख्य गोष्ट टेबलाशी वाकून होते. तुमचा विधी यांतला कोणता, की आणखी वेगळा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून कुठेही लागू पडेल असा विचार मांडते. तुमच्या जागेप्रमाणे तो बसवून घ्या.

पहिलं काम परवानगीचं. पुरोहित, धर्मगुरू, काझी, ग्रंथी, नोंदणी अधिकारी, जे कुणी विधी चालवणार असतील त्यांना सुरुवातीच्या अर्धा तास तरी आधी स्वतः जाऊन भेटा. जोडप्याने ‘चालेल’ म्हटलं आहे एवढ्यावर विसंबू नका, कारण त्या जागेचा नियम जोडप्याच्या हातात नसतो. मी त्यांना मोजकंच विचारते. कुठल्या रेषेच्या पुढे जायचं नाही? फ्लॅश चालेल का? कोणत्या वेळी अजिबात हालचाल नको? दोघं कोणत्या क्षणी वळतात, उठतात, बसतात? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. विधी चालवणारी माणसं हे शेकडो वेळा करून बसलेली असतात. ‘इथे मी थांबतो, मग मुलीचे वडील पुढे येतात’ अशी नेमकी माहिती ती देतात. आणि तुम्ही आपणहून विचारायला आलात म्हटल्यावर पुष्कळदा ती ठरल्यापेक्षा थोडी जास्त मोकळीकही देतात.

आता चेहऱ्यांकडे येऊ. माझ्या दृष्टीने जागेचा सगळा विचार यावरच उभा आहे.

दोघं एकमेकांसमोर उभे असतील आणि तुम्ही प्रेक्षकांच्या मधोमध असाल, तर तुम्हाला दोन्ही चेहरे कडेने दिसतात: दोन नाकं, दोन कान आणि मध्ये रिकामी जागा. एकदोन फोटोंपुरतं हे छान दिसतं, पण भावना अशा कोनातून फारशी पोचत नाही, कारण प्रत्येकाचा एकच डोळा दिसतो. तुम्ही कडेला सरकलात की एकाचा चेहरा उघडतो आणि दुसऱ्याचा मिटतो. इथे नियम साधा आहे: ज्याचा चेहरा हवा त्याच्या समोरच्या माणसाच्या बाजूला जा. वधूचा चेहरा हवा असेल तर वर ज्या अंगाला उभा आहे तिकडच्या कडेने, त्याच्या खांद्यापलीकडून पाहा. मधल्या रेषेपासून तीस-पंचेचाळीस अंश सरकलं की पुरतं. त्याहून जास्त गेलात तर वराची पाठच फ्रेम व्यापते.

मग आधी कुणाचा चेहरा? बहुतेक जण बोलणाऱ्याचा घेतात. मी ऐकणाऱ्याचा पसंत करते. वचन किंवा मंत्र म्हणणारा माणूस शब्द आठवण्यात, उच्चार सांभाळण्यात गुंतलेला असतो, आणि त्याचं तोंड अर्धवट उघडं असतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र ते शब्द पोचताना दिसतात. डोळे भरून येणं, ओठ मिटले जाणं, अचानक हसू फुटणं, सगळं तिकडे. म्हणून पहिला बोलत असताना मी त्याच्याच बाजूला असते आणि समोरच्याकडे पाहते. बोलण्याची पाळी बदलली की मलाही बाजू बदलायची असते, आणि नेमकी इथेच गडबड होते. पुष्कळ जण त्या क्षणी दोघांच्या आणि पुढच्या रांगेच्या मधून लगबगीने पलीकडे जातात. तसं करू नका. ती पट्टी घरच्यांची आहे. पलीकडे जायला शेवटच्या रांगेमागची वाट किंवा मंचामागची वाट वापरायची. तेवढा वेळ नसेल तर बाजू बदलायचीच नाही, आहात तिथूनच बोलणाऱ्याला कडेने घ्यायचं. एका बाजूने पूर्ण मिळालेलं वचन आणि दुसऱ्या बाजूने अर्धं, यात काही बिघडत नाही. दोन्ही अर्धवट मिळणं जास्त वाईट.

दोघं शेजारी शेजारी आणि प्रेक्षकांकडे तोंड करून असतील तर काम हलकं असतं. मधल्या रेषेच्या थोडं कडेला, खाली बसून, दोन्ही चेहरे मिळतात. दोघांची पाठ प्रेक्षकांकडे असेल, वेदीकडे किंवा पवित्र ग्रंथाकडे तोंड असेल, तर पुढच्या कोपऱ्याची परवानगी मागा. मिळाली तर तिथे विधीच्या सुरुवातीलाच जाऊन बसा आणि लांबलचक प्रार्थना किंवा वाचन संपेपर्यंत उठू नका. जाणंयेणं जेवढं कमी तेवढी ती परवानगी टिकते.

उंचीचा विचार लोक विसरतात. दोघं जमिनीवर बसलेले असताना उभं राहून काढलेल्या फोटोत डोक्यांचे वरचे भाग येतात, झुकलेल्या पापण्या येतात, आणि पार्श्वभूमीला गालिचा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास असतात; लेन्स त्या पातळीला आणा. म्हणजे तुम्हीही बसायचं. याचा दुसरा फायदा असा की मागच्यांना तुमच्यावरून दिसतं. खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांचे डोळे साधारण सव्वा मीटरवर असतात. त्यामुळे मधल्या वाटेत एक गुडघा टेकून बसलात तर बऱ्याचशा रांगांना तुमचा त्रास होत नाही, पण उभे राहिलात की दोन्ही बाजूंच्या कित्येक रांगा बुजतात. तुम्ही ज्यांच्याबरोबर गेला होतात त्यांचं नेमकं हेच झालं असावं. पुढे असण्यापेक्षा पुढे आणि उभं असण्याचा लोकांना जास्त जाच होतो.

प्रवेशाच्या वेळी मात्र मधली वाट तुमची आहे, आणि तिचा उपयोग करून घ्या. येणाऱ्यापुढे उलट पावलांनी चालत राहणं मला पटत नाही. पडण्याची भीती असते, फ्रेम हलते, आणि येणाऱ्याला पाहायला वळलेल्या प्रत्येकाच्या नजरेत आधी तुम्ही येता. मी वाटेच्या पुढच्या टोकाशी, पहिल्या रांगेच्या पातळीला, मधल्या रेषेपासून अर्धं पाऊल कडेला बसते. ७० ते २०० मिमीचा झूम असतो, शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद, कारण कॅमेऱ्याकडे चालत येणारा माणूस त्याहून मंद शटरला बऱ्याचदा पुसट होतो. येणारी व्यक्ती तीनचार मीटरवर आली की मी वाटेतून बाहेर सरकते. कोणत्या बाजूला सरकायचं हे आधी ठरलेलं असतं: आईवडील ज्या बाजूला बसलेत त्याच्या विरुद्ध. सरकले की लगेच मान वळवायची आणि पुढे वाट पाहत उभ्या असलेल्या जोडीदाराचा चेहरा घ्यायचा. तो चेहरा मी वाटेत असतानाही दोनतीनदा मागे वळून घेते. दुसऱ्या बॉडीवर, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर, ३५ मिमी किंवा २४ ते ७० लावलेलं असेल तर लेन्स बदलण्यात वेळ जात नाही. एकच बॉडी असेल तर प्रवेशाला लांब लेन्स ठेवा आणि सगळे जागेवर बसत असताना ती बदला.

मोबाइल घेऊन वाटेत झुकणारे पाहुणे हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. विधी चालवणाऱ्यांना सुरुवातीला एक वाक्य बोलायची विनंती करता येते, की वाट मोकळी ठेवा आणि फोन खाली ठेवून पाहा. त्यांच्या तोंडून ते आलं की लोक ऐकतात. ते शक्य नसेल तर तुम्ही पहिल्या रांगेच्या पुढे अर्धं पाऊल बसलेले असलात की बरेचसे हात तुमच्या मागेच राहतात.

आता अंतराबद्दल, कारण ‘जवळ जावंच लागतं’ ही समजूत त्यातूनच येते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो) २०० मिमी लेन्सने १० मीटरवरून साधारण १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच भाग फ्रेममध्ये येतो. म्हणजे उभ्या असलेल्या दोघांचा कमरेपासून वरचा फोटो आरामात. ३५ मिमीने ३ मीटरवरून साधारण तीन मीटर रुंद भाग येतो; म्हणजे दोघं, विधी चालवणारे, आणि शेजारची एकदोन माणसं. या दोन अंतरांच्या मध्ये जवळपास सगळा विधी बसतो. दीड मीटरच्या आत जायची वेळ क्वचित येते. एवढ्या जवळून चेहऱ्याची ठेवणही बदललेली दिसते, नाक पुढे आणि कान मागे, कारण ठेवण अंतरावर ठरते. दूर राहण्याची एक किंमत आहे हेही खरं: मध्ये कुणी आलं की फोटो गेला, आणि जवळून येणारी ‘आपण तिथेच बसलो आहोत’ ही भावना लांब लेन्समध्ये येत नाही. म्हणून मी बहुतेक वेळ दूर असते आणि दोनतीन ठरलेल्या वेळी जवळ जाते. ८५ मिमीने एफ २ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं ठेवून, तीन मीटरवरून फोकसची खोली (जेवढा भाग धारदार येतो तेवढी) जेमतेम १५ सेंटिमीटर असते, हेही ध्यानात ठेवा. कडेच्या कोनातून दोन चेहरे त्यात मावत नाहीत. दोघंही धारदार हवेत तर एफ ४ च्या आसपास जा.

फेऱ्यांच्या विधीवर थोडं जास्त लिहिते, कारण यात जागा चुकली तर सगळे फोटो पाठमोरे येतात. अग्नीभोवतीच्या फेऱ्या, शीख विधीतल्या चार लावां (गुरू ग्रंथ साहिबभोवतीच्या फेऱ्या), ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती विधीत मधल्या टेबलाभोवतीच्या तीन फेऱ्या, ज्यू लग्नात वधूने वराभोवती घातलेल्या फेऱ्या, सगळीकडे प्रश्न एकच: वर्तुळाच्या कोणत्या भागात चेहरा माझ्याकडे येतो? आधी दिशा विचारून घ्या. हिंदू आणि शीख विधीत फेऱ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतात. प्रेक्षकांच्या बाजूने पाहिलं तर माणसं उजवीकडून पुढे येतात, समोरून उजवीकडून डावीकडे जातात आणि डावीकडून मागे वळतात. म्हणजे तुम्ही उजव्या कोपऱ्यात असाल तर पुढच्या बाजूला आलेले दोघं तुमच्यापासून दूर जात असतात. डाव्या पुढच्या कोपऱ्यात बसलात तर उजव्या टोकापासून समोरच्या भागापर्यंत ते तुमच्याकडेच येत राहतात. प्रत्येक फेरीत चांगली दोनचार सेकंदं मिळतात. दिशा उलटी असेल तर कोपरा उलटा.

दुसरी गोष्ट, पुढे कोण आणि मागे कोण. शीख विधीत वर पुढे असतो. हिंदू विधीत प्रांताप्रमाणे आणि फेरीप्रमाणे बदलतं. पुढच्या व्यक्तीच्या अगदी सरळ रेषेत असाल तर मागची झाकली जाते. एखादा मीटर बाहेर सरका, मग दोघं एकामागे एक न दिसता तिरप्या ओळीत दिसतात. फेऱ्या चालू असताना वर्तुळाबरोबर फिरू नका. पहिली फेरी पाहण्यात घाला, आपला कोपरा पारखा. दुसरीत जवळचे फोटो घ्या, तिसरीत रुंद लेन्सने भोवतीच्या माणसांसकट. फेऱ्या जास्त असतील तर मध्ये एकदा कोपरा बदलून आजूबाजूच्यांचे चेहरे टिपा, कारण फेऱ्यांच्या वेळी घरची माणसं विलक्षण एकाग्र असतात. अग्नी असेल तर धुराची दिशा सुरुवातीलाच पाहून ठेवा. धूर तुमच्या आणि त्यांच्या मध्ये असला की फोटो धुरकट होतो आणि ऑटोफोकस चाचपडत राहतो. तोच धूर दोघांच्या मागे असेल आणि त्यातून प्रकाश येत असेल तर तो फोटो उचलून धरतो.

हातांचे क्षण, म्हणजे अंगठी, दोरा, हार, सही, यांत मध्ये येतात ते बहुधा विधी चालवणारे स्वतः. त्यांना हलवता येत नाही, म्हणून तुम्ही त्यांच्या पुस्तक धरलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला राहा. अंगठीच्या बाबतीत हात कोणता हे विचारून ठेवा. ब्रिटन, अमेरिकेत ती डाव्या हातात घालतात. जर्मनी, रशिया, पोलंडमध्ये रूढ पद्धत उजव्या हाताची आहे. याने जागा बदलते ती अशी: दोघं समोरासमोर असताना प्रेक्षकांकडून पाहिलं तर डावीकडे उभ्या असलेल्या व्यक्तीचा डावा हात पलीकडे असतो आणि उजवीकडच्या व्यक्तीचा अलीकडे. म्हणजे एका अंगठीचा फोटो प्रेक्षकांच्या बाजूने स्वच्छ मिळतो आणि दुसरीचा मिळत नाही. त्या दुसरीसाठी धडपडत मंचावर चढू नका. त्या वेळी चेहऱ्यांकडे पाहा. बोटातल्या अंगठीचा जवळचा फोटो तासाभराने शांतपणे काढता येतो. घालून घेणाऱ्याचा तो चेहरा तासाभराने नसतो.

मधोमध उभं राहायची वेळ कोणती, हे तुम्ही विचारलं होतं. चुंबन, एकमेकांना हार घालणं, हात हातात घेऊन समोरासमोर उभं राहणं, जिथे दोन्ही चेहरे एकमेकांकडे झुकतात आणि कडेने दिसणंच योग्य असतं, तिथे मधली रेषा उत्तम. पण ती दुरून धरायची. वाटेच्या मध्यापर्यंत किंवा मागच्या टोकापर्यंत जा, खाली बसा, लांब लेन्स लावा. हा क्षण येणार हे तुम्हाला दोनतीन मिनिटं आधी कळतं, त्यामुळे आधीचं वाचन किंवा गाणं चालू असतानाच तिथे पोचलेलं असायचं. ज्यू विधीत पेला पायाखाली फोडतात तेव्हाही मी मधोमध असते, पण रुंद लेन्स घेऊन. पाय आणि पेला यापेक्षा त्यानंतरच्या सेकंदात सगळ्या सभेतून उसळणारा आनंद मला जास्त हवा असतो.

इथवरचं थोडक्यात: प्रवेशाला वाटेचं पुढचं टोक, वचनांना ऐकणाऱ्याच्या समोरची कड, फेऱ्यांना चेहरे जिकडे येतात तो कोपरा, शेवटच्या मोठ्या क्षणाला दूरची मधली रेषा. चार जागा, तीन स्थलांतरं. मध्ये कधीतरी मागे वळून आईवडिलांकडे पाहणं, त्यासाठी वेगळी जागा लागत नाही.

ही तीन स्थलांतरं करायची कधी, तर विधीच्या सांध्यांमध्ये. प्रत्येक विधीत असे सांधे असतात: सगळे उठतात किंवा बसतात, गाणं सुरू होतं, वाचायला कुणी तरी पुढे येतं, टाळ्या पडतात, सामग्रीची मांडामांड होते. त्या वेळी लोकांची नजर तशीही हललेली असते आणि आवाजही असतो. शांतता पसरली की तुम्ही आहात तिथे थांबायचं, अगदी जागा चुकीची आहे असं वाटलं तरी. आणि फोटो मिळाला म्हणून लगेच निघू नका. मी प्रत्येक जागी आधी रुंद, मग मध्यम, मग जवळचा असे फोटो घेते आणि मग सांधा येईपर्यंत थांबते. या थांबण्यातच न ठरवलेलं काहीतरी मिळतं, बहिणीने हळूच पुसलेले डोळे किंवा मांडीवर झोपलेलं मूल.

चालायचं सरळ, सावकाश, पाहुण्यासारखं. मोकळ्या जागेतून वाकून लगबगीने पळणारा माणूस सगळ्यांचं लक्ष वेधून घेतो. ताठ, संथ चालणाऱ्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. वाकायचं ते फक्त कुणाच्या दृष्टीच्या आड येताना. रबरी तळव्याचे बूट घाला, गडद साधे कपडे घाला, बॅग भिंतीशी ठेवून द्या.

शटरच्या आवाजासाठी इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर दिव्यांची चाचणी आधी घ्या. ज्या देशांत वीज ५० हर्ट्झची आहे तिथे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १२० वेळा, आणि जलद इलेक्ट्रॉनिक शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. तिथे १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२५ धरून पाहा. स्थिर उभ्या माणसांना हा वेग पुरतो, चालणाऱ्यांना पुरत नाही. काही एलईडी दिव्यांत तरीही पट्टे राहतात. मग साधं यांत्रिक शटर वापरा, पण कमी वेळा दाबा.

उजेडामुळे माझी बाजू अनेकदा बदलते. मोठी खिडकी एका अंगाला असेल तर चेहऱ्याची उजळ बाजू दिसेल की अंधारी, हे तुमच्या जागेवर ठरतं. मला थोडी छाया असलेली बाजू आवडते, चेहऱ्याला त्याने गोलाई येते, पण डोळ्यांत उजेडाचा ठिपका हवाच. खिडकी दोघांच्या पाठीमागे असेल तर दोन पावलं कडेला सरकून ती फ्रेमबाहेर काढता येते का ते पाहा. नाही आली तर एक्स्पोजर चेहऱ्यासाठी धरा आणि खिडकी पांढरी होऊ द्या. विधीच्या वेळी फ्लॅश मी शक्यतो वापरत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवलेला फोटो चालतो, पण प्रार्थनेत दर दहा सेकंदांनी चमकणारा उजेड सगळ्यांनाच खुपतो.

व्हिडिओग्राफर असतील तर विधीआधी त्यांच्याशी बोला. त्यांचा ट्रायपॉडवरचा कॅमेरा कुठे आहे आणि त्याची रेषा कुठून जाते हे पाहा, ती रेषा ओलांडायची वेळ आधीच ठरवून घ्या. ते एका कडेला असतील तर तुम्ही दुसरी धरा. हे बोलणं पाच मिनिटांत होतं.

आणि हलायला परवानगीच नाही मिळाली तर? मग एकच जागा, पण विचारपूर्वक. मधोमध न बसता कडेच्या तिसऱ्या-चौथ्या आसनाशी, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडताना दिसेल त्या बाजूला, वाटेला लागून. वर गॅलरी असेल आणि तिथे जाता येत असेल तर ती दुसरी चांगली निवड. तिथून चेहरे कमी, पण विधीचा सगळा आकार दिसतो आणि तुम्ही कुणाच्याही आड येत नाही.

विधी संपताना घाई करून बाहेर धावू नका, पण शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी वाटेच्या मागच्या टोकाकडे निघालेले असा. दोघं वळून प्रेक्षकांकडे पाहतात, तो पहिला मोकळा श्वास तिथून समोरून मिळतो. परत येताना ते येण्याच्या वेळेपेक्षा भरभर चालतात आणि दोन्हीकडून हात पुढे येतात, म्हणून इथे रुंद लेन्स आणि १/५०० च्या आसपास शटर. दाराच्या चौकटीत अडकून बसू नका, आधीच एका बाजूला व्हा.

तुमच्या सभागृहाची खिडकी कोणत्या बाजूला आहे, दोघं कुणीकडे तोंड करून असणार आणि फेऱ्या आहेत का, एवढं कळवलंत तर पहिल्या अर्ध्या तासात कोणता कोपरा धरायचा हे नेमकं सांगता येईल.